तोरा, हफ्तारा, शुभवर्तमान: आठवड्याच्या वाचनाचा तक्ता वापरून काय हाती लागलं

दिवाळीच्या थोडं आधी पुण्यातल्या आमच्या चर्चमधल्या एका गटाने आठवड्याच्या बायबलवाचनाचा हा तक्ता वाटला. उत्पत्तिच्या पुस्तकापासून सुरुवात केली, आता गणनेच्या पुस्तकात पोचलोय. आधीच सांगते, रोज सकाळी चहाबरोबर पाच मिनिटांचं मनन हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

मांडणी सोपी आहे. यहुदी सभास्थानांत तोरेचे, म्हणजे बायबलमधल्या मोशेच्या पहिल्या पाच पुस्तकांचे, ५४ भाग करून ते वर्षभरात वाचतात. प्रत्येक भागाला संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला एक उतारा जोडलेला असतो, तो हफ्तारा. आमच्या तक्त्यात पुढे तिसरा रकाना आहे, नव्या कराराचा. नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती यशयाचा ग्रंथ दिला गेला (लूक ४), तो याच रीतीतला प्रसंग. प्रेषितांची कृत्ये १३ मध्येही पौल बोलायला उठतो तो नियमशास्त्र आणि संदेष्टे वाचून झाल्यावरच.

मला खरा फायदा झाला तो लेवीय पुस्तकात. एरवी वर्षभरात बायबल संपवायचं ठरवणाऱ्यांची गाडी इथेच अडते. बाराव्या अध्यायात बाळंतिणीच्या शुद्धीचा विधी आहे: एक वर्षाचं कोकरू आणि एक पक्षी. कोकराची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील. त्याच आठवड्यात शेजारच्या रकान्यात लूक २. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात येतात आणि अर्पण करतात ते होल्यांचं किंवा पारव्यांचं! लूक त्यांच्या गरिबीबद्दल एक अक्षर लिहीत नाही, लेवीय वाचलेल्याला ती आपोआप दिसते. नाताळच्या इतक्या उपासना ऐकल्या, हे कुणी दाखवलं नव्हतं.

पुढच्याच अध्यायांत त्वचेचे रोग, कपड्यावरची बुरशी आणि भिंतीवरचे हिरवट-तांबूस डाग. याजक आधी घर रिकामं करायला लावतो आणि मग सात दिवस बंद ठेवतो. (आमच्या सोसायटीत जुलैमध्ये हा नियम लावला तर निम्म्या बिल्डिंगला रस्त्यावर यावं लागेल.) इथे मात्र तक्ता कमी पडला. लेवीय १२-१३ आणि १४-१५ हे दोन भाग काही वर्षी एकत्र वाचतात आणि मग हफ्तारा सहसा दुसऱ्याचा घेतात: शोमरोनच्या वेशीवरचे चार कुष्ठरोगी. त्यात पहिल्या भागाचा हफ्तारा गळतो, आणि तो तर अलीशा संदेष्ट्याने कुष्ठरोगातून बरं केलेल्या अरामी सेनापती नामानाचा! नासरेथचे लोक येशूवर खवळले ते सारफथच्या विधवेचं आणि याच नामानाचं, म्हणजे दोन परक्यांचं, नाव काढल्यावर. शिवाय त्याच उताऱ्याच्या सुरुवातीला अलीशा जवाच्या वीस भाकरींत शंभर माणसं जेवू घालतो. योहान ६ मधल्या मुलाजवळच्या पाच भाकरीही जवाच्याच. मी तो उतारा वेगळा काढून वाचला, तुम्हीही वाचा.

तिसऱ्या रकान्याबद्दल माझी तक्रार आहे. नोहाच्या तारवाचा संबंध बाप्तिस्म्याशी पेत्राने स्वतःच लावलाय, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. पण लाकूड दिसलं की क्रूस आणि पाणी दिसलं की बाप्तिस्मा, असं दर आठवड्याला चाललं की मोशेला स्वतःचं काही म्हणायचंच नव्हतं असं वाटू लागतं. रास्ता पेठेतल्या ओळखीच्या बेने इस्राएली (मराठी यहुदी) काकूंना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "पहिले दोन रकाने आमचे, तिसरा तुमचा. आमचे नीट वाचा म्हणजे झालं." तेव्हापासून मी तिसरा रकाना शनिवार संध्याकाळपर्यंत उघडत नाही. पहिले दोन त्यांच्या त्यांच्या जागी उभे राहू दिले की तिसऱ्याची ओढाताण कुठे आणि खरा धागा कुठे, हे लगेच कळतं.

आणखी एक. ख्रिस्ती वाचक हफ्ताऱ्यात यशया ५३ (दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय, जो ख्रिस्ती लोक येशूला लावतात) शोधत बसतो, पण ते त्यात नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येणाऱ्या सांत्वनाच्या शब्बाथांत (शनिवारच्या उपासनांत) एक उतारा ५२:१२ ला थांबतो, पुढच्या आठवड्याचा ५४:१ ला सुरू होतो. आमच्या तक्त्याने ते शुभ शुक्रवारी घातलंय. तिथे एक ओळीची टीप द्यायला हवी होती.

बाकी किरकोळ. नोहाचा भाग उत्पत्ति ६:९ पासून अकराव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, एका बैठकीत झेपत नाही. सभास्थानात प्रत्येक भागाचे सात तुकडे करतात, ते तक्त्यात छापलेले नाहीत, पेन्सिलीने खुणा करून घ्या. अक्षरही बारीक आहे. झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीवर मोठा करून घेतला, तर फ्रिजवर लावून लांबूनही वाचता येतो.