फरशीला पूर्ण गुण, पाट्यांना काठावर पास

माझा धंदा फरशी बसवण्याचा, त्यामुळे कुठेही गेलो की नजर आधी खाली जाते. बाबांना अल्झायमर आहे. ते राहतात त्या केंद्राने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी म्हणून नवी इमारत बांधली, तिच्याबद्दल लिहितोय. तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही.

फरशी झकास. मॅट, सगळीकडे एकाच छटेची, खोलीतून कॉरिडॉरमध्ये येताना उंबरा नाही की गडद पट्टी नाही. चकचकीत फरशी अशा माणसाला ओली वाटते आणि काळं पायपुसणं म्हणजे खड्डा. जुन्या जागेत दाराशी तसलंच पायपुसणं होतं. बाबा तिथे थबकायचे, एक पाय उचलून चाचपडायचे, आणि मावशी "चला ना आजोबा" म्हणत हात ओढायच्या. हट्टी म्हणून नाव झालं त्यांचं! (माझ्या गिऱ्हाइकांना मात्र फरशीत तोंड दिसायला हवं असतं.)

खरी अक्कल दिसते ती संडासात. पलंगावर पडल्या पडल्या कमोड समोर दिसतो. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड हरवतो, म्हणून सीट गडद लाल, धरायचा दांडाही लाल, रात्री तिथेच मंद दिवा. पूर्वी बाबा रात्री कपाट उघडून उभे राहायचे. आता एकटे जाऊन येतात. डायपर फक्त प्रवासापुरता उरलाय.

आपली खोली ओळखता यावी म्हणून प्रत्येक दाराशेजारी काचेची छोटी पेटी आहे. तिच्यात तरुणपणीचाच फोटो ठेवा. आत्ताचा ठेवला होता, तर बाबा विचारायचे, "हे म्हातारे कोण?"

आता पाट्या. त्या लावल्यात आमच्यासारख्या ताठ चालणाऱ्यांच्या डोक्यावर. वाकून चालणारा माणूस वर बघतच नाही. सव्वा मीटरच्या आसपास हव्यात, शब्द आणि चित्र दोन्ही. आणि तो हिरवा विभाग, निळा विभाग! वयाने डोळ्याचं भिंग पिवळट होतं, हे दोन रंग एकमेकांत मिसळतात. शिवाय 'हिरवा तो आपला' हे लक्षात कोण ठेवणार? वाटांचा नकाशा मनात धरणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात फार लवकर खराब होतो. रंग माहितीपत्रकात छान दिसतात, एवढंच.

सगळ्यात वाईट तो लांबलचक कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना सारखी दारं, शेवटी कुलूपबंद दार. संध्याकाळी तिथे दोघं-तिघं कडी खडखडवत उभे असतात. उद्घाटनाच्या भाषणात नेदरलँड्समधल्या वेस्प गावच्या दे होगेवेक या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या वसाहतीचा दाखला दिला होता. 2009 मध्ये सुरू झालेली ती वसाहत म्हणजे सहा-सात जणांची छोटी छोटी घरं आणि मोकळं अंगण. आपल्याकडे नेमकं तेवढंच करायचं राहून गेलं. निदान त्या दाराला भिंतीचाच रंग देऊन अलीकडे खिडकीशी बाक टाका, असं लेखी दिलंय. उत्तर नाही.

तरी प्रवेश घेणार असाल तर जेवणघराजवळची खोली मागा. दारातून जेवणाची टेबलं दिसतात, पाटीची गरजच पडत नाही.