बाळ कान ओढतंय, कानाचं इन्फेक्शन की रिफ्लक्स (पोटातलं दूध वर येणं)?
माझी मुलगी 8 महिन्यांची असताना रात्री आडवं ठेवलं की किंचाळायची आणि कान ओढायची, मला कळेचना की कान दुखतोय की दूध वर येतंय, कारण आडवं केलं की दोन्हीत रडणं वाढतं.

कानाचं इन्फेक्शन बहुतेकदा सर्दीच्या मागोमाग येतं, बऱ्याचदा ताप असतो, कधी कानातून पू येतो. रिफ्लक्समध्ये सहसा ताप नसतो, दूध पिऊन झालं की ओकणं, पाठीची कमान करणं आणि उभं धरलं की जरा शांत.

दोन्ही एकत्र पण असू शकतं बरं का. लहान मुलांची घसा-कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, पोटातलं वर आलेलं तिथपर्यंत पोचू शकतं, मधल्या कानातल्या पाण्यात पेप्सिन (पोटातला पाचक रस) सापडलंय. पण म्हणून अ‍ॅसिडिटीचं औषध देऊन कान बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, स्वतःहून देऊ नका प्लीज.

नुसतं कान ओढण्यावरून ठरवू नका, डॉक्टरांकडून कानात बघूनच घ्या. आणि लसणीचं गरम तेल अजिबात नको, पडदा फाटलेला असेल तर आत जातं ते.