रेल्वेचं बोलणं ऐकायला युनिडेन बेअरकॅट बीसी१२५एटी
हा हातात धरायचा स्कॅनर (एकेक चॅनल चाळत रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र) दीड वर्ष वापरतोय, इकडे इलिनॉयमध्ये. मालगाड्यांचा रेडिओ बहुतेक १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साध्या अ‍ॅनालॉगवरच चालतो, त्यामुळे महागडा डिजिटल स्कॅनर घ्यायची गरजच नाही, याचे ५०० चॅनल पुरून उरतात आणि दोन पेन्सिल सेलवर चालतो. रोशेलला युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ या दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदतात, तिथे बसून ऐकत होतो तर गाडी दिसायच्या आधीच रुळाशेजारच्या डिटेक्टरचा मशीनवाला आवाज आला, ‘नो डिफेक्ट्स’, मग किती अ‍ॅक्सल गेले तो आकडा, अंगावर काटाच आला! (हा डिटेक्टर तापलेलं बेअरिंग पकडतो.) ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्यांनी कॉम्प्युटरला जोडायची केबल पाठवलीच नाही, सगळे चॅनल हाताने भरत बसलो. तरी गाड्यांचं वेड असेल तर बिनधास्त घ्या.