टाचेचं अस्तर बदलून देतो म्हणाले आणि 1770 रुपये 64 पैशांना टोपी घातली

भावांनो, रील्सवर 'स्नीकर रिस्टोरेशन'च्या जाहिराती येतात ना, जुना फाटका शूज आत जातो आणि चकाचक बाहेर येतो, त्यातल्या एकाने मला गंडवलंय. नाव इथं टाकत नाही कारण वकील मित्राने टाकू नको म्हणून सांगितलंय, पण पद्धत सगळ्यांची सारखीच असते, तुम्हाला माहितीच आहे.

माझे कॅनव्हासचे शूज, 3499 चे, वरून एकदम नीट. फक्त टाचेच्या आतलं अस्तर घासून फाटलेलं, फोम बाहेर आलेला आणि आतल्या प्लॅस्टिकची कड थेट टाचेला लागायची, फोड यायचे. नाडी न सोडता पाय कोंबला की हे होतंच, आणि सकाळी ऑफिसच्या घाईत नाडी कोण सोडतंय. तेवढ्यासाठी शूज टाकून द्यायचे का? म्हणून पाठवले. पेजवर 'जेन्युइन लेदर लायनिंग' 699, पिकअप 149, वर 18 टक्के जीएसटी, झाले 1000 रुपये 64 पैसे. जीएसटी लावतोय म्हणजे माणूस रीतसर धंदा करणारा असणार, असं कुणालाही वाटेल. नंतर बिल नीट बघितलं तर त्यातला जीएसटी नंबर 14 अक्षरीच! असतो 15 चा. आणि पत्ता पुण्याचा, पण नंबरची सुरुवात 29 ने, महाराष्ट्राचा 27 असतो. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून फुकट चेक करता येतो, पैसे द्यायच्या आधी करा.

मग फोन आला की आतला काउंटर, म्हणजे टाचेतलं ते कडक प्लॅस्टिक, तुटलाय, तो बदलायला 650 लागतील, नाहीतर शूज तसेच परत पाठवतो, पिकअपचे पैसे गेले समजा. शूज त्याच्या ताब्यात. काय करणार, पाठवले 650.

आणि आता ज्याने माझी झोप उडवलीय ते सांगतो. त्याने 'काम चालू आहे' म्हणून फोटो पाठवला होता. माझ्या डाव्या शूजच्या जिभेवर निळ्या पेनाचा डाग आहे, मोठा, वर्षभरापूर्वीचा. फोटोतल्या जिभेवर डागच नाही! मी बघितलं, झूम करून बघितलं, आणि मनात म्हटलं वा, डाग पण काढला की यांनी. कारण पॅकेजमध्ये 'क्लीनिंग फ्री' होतं, मग दुसरं काय वाटणार सांगा? तो शूजच माझा नव्हता. तेव्हा फक्त 'जिभेचा फोटो परत पाठवा' एवढं टाइप केलं असतं तरी 650 वाचले असते, कारण तेव्हा ते पैसे गेले नव्हते.

पार्सल आलं, वर रिटर्न कुरिअरचे म्हणून 120 आणखी घेतले. डाग जिथल्या तिथे. लेदर कसलं, साधं रेक्झिन, तेही जुन्या फाटक्या अस्तरावरच चिकटवलेलं, खाली फोमच्या गाठी. काउंटर तोच. सोल्यूशन इतकं थापलेलं की बाहेर कॅनव्हासवर पिवळे डाग उमटले. घामाने आठवड्याभरात कड सुटली. खरं काम असं असतं की जुनं अस्तर कापून काढायचं, पातळ चामड्याच्या कडा तासायच्या, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून सुकू द्यायचं मग दाबायचं, आणि वरच्या काठाला शिलाई मारायची. काठाला दोरा दिसला नाही तर समजून जा.

पुढचा तमाशा ऐका. चौकीत गेलो. "शूज मिळालं न्हवं परत? मग फसवणूक कसली?" वर "सतराशे रुपयांसाठी आलाय व्हय?" बँकेत गेलो तर पैसे तुम्हीच पाठवलेत, तुमचा पिन, आम्ही काय करणार. अरे मग पिन दुसऱ्याने मारल्यावरच येऊ का? ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, कंपनी पुण्यात आहे तर पुण्यात जा. साफ खोटं! 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथेच तक्रार टाकता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. हे मला वकील मित्राने सांगितलं, ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांनी नाही. टॅक्स कापताना मात्र एक रुपया सुटत नाही यांच्याकडून. शेवटी ई-जागृती पोर्टलवर घरी बसून टाकली. तुम्ही आधी 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा, आणि पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तेही लगेच, उद्या बघू म्हणू नका.

घरी तर विचारू नका. काका म्हणाले, "कोल्हापुरात राहतोस आणि पायताण शिवायला पुण्याला धाडतोस व्हय रं?" चपलेसाठी 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आमचं गाव! पण काका, वरचं कापड खराब न करता आतलं काम करणारा पाहिजे होता, स्टँडजवळच्या मोचीला कॅनव्हास जमेल का ही शंका होती. त्याने जोडीचे 180 घेतले, अर्ध्या तासात, दोऱ्यासकट. पिवळे डाग मात्र निघणार नाहीत म्हणाला.

तक्रार अजून पेंडिंग आहे. समोरून उत्तर आलंय की 'पार्सल उघडल्यावर कस्टमरने स्वतः नुकसान केलं'. म्हणून ज्यांचे शूज आत्ता त्यांच्याकडे अडकलेत त्यांनी पाकीट फोडतानाचा व्हिडिओ न थांबवता सलग काढा, लेबलपासून टाचेच्या आतपर्यंत. माझ्याकडे तेवढाच नाहीये.