‘सेंद्रिय’ म्हणून दिलेली बिनलेबलची बाटली

गच्चीवर किंवा परसात पहिल्यांदाच भाजी लावणाऱ्यांनी, खासकरून सांगली-मिरजेकडच्या मंडळींनी, हे वाचावं म्हणून लिहिते आहे. आमचे पैसे गेलेच, पण घरातल्या लहान पोराच्या ताटात काय गेलं असतं या विचारानं अजूनही संताप होतो.

विश्रामबागला आमच्या कॉलनीत एक जण टेम्पो घेऊन आला. ‘घरपोच सेंद्रिय परसबाग’ असं त्याचं पॅकेज. वीस ग्रो बॅग, त्यात भरायला माती, गांडूळ खताची पोती, ‘देशी’ बियाणं आणि कीड पडली तर फवारायला ‘सेंद्रिय अर्क’. सगळं मिळून ६,५०० रुपये. “ताई, तुम्ही फक्त पाणी घाला, बाकी माझी जबाबदारी. महिन्यानं मी स्वतः बघायला येतो,” असं म्हणाला. सासूबाईंना म्हणाला, “मावशी, वांग्याला जुनी चव येते का नाही बघा.” पैसे फोनवरून घेतले. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून त्यावर नुसती रक्कम लिहून दिली. दुकानाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही.

पोती फोडली तेव्हा आंबूस वास आला आणि आत हात घातला तर खत चक्क गरम लागलं. “ताजं आहे म्हणून,” असं फोनवर उत्तर मिळालं. मेथी उगवली आणि दोन पानांवरच जळून गेली. टोमॅटोची रोपं पिवळी पडली. तालुका कृषी कार्यालयातल्या एका साहेबांना पोतं दाखवल्यावर त्यांनी बघताक्षणी सांगितलं, की यात साखर कारखान्यातलं न कुजलेलं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, आहे आणि वजन वाढवायला काळी माती मिसळली आहे. प्रेसमड मुळात वाईट नाही, नीट कुजवलं तर आपल्याकडचे शेतकरी ते आवडीनं वापरतात. पण कच्चं घातलं तर ते कुजताना तापतं आणि कोवळी मुळं होरपळतात. खरं गांडूळ खत वापरलेल्या चहापत्तीसारखं मोकळं आणि दाणेदार असतं. त्याला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो आणि ते हाताला गार लागतं. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये त्याचे निकष दिलेले आहेत: ओलावा १५ ते २५ टक्के, आणि किमान ९० टक्के खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलं पाहिजे. ओलंगच्च पोतं घेतलं तर खताच्या भावानं आपण पाणी विकत घेतो.

मातीचीही तीच गत. ग्रो बॅग वाळल्या की वर पांढरा थर यायचा. कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून क्षारपड झालेल्या, म्हणजे खारट क्षार वर आलेल्या, जमिनी आहेत हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. तसलीच माती कुठून तरी उचलून आमच्या गच्चीवर आणून टाकली होती. माती विकत घेणार असाल तर आधी मूठभर घेऊन ओली करून वाळवा. पांढरं फुटलं तर परत पाठवा.

बियाण्याच्या साध्या कागदी पुड्या होत्या. भेंडीच्या बियांना गुलाबी रंग होता. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला असा रंग देतात, म्हणजे ‘सेंद्रिय’चा दावा तिथेच संपला. लेबल असलेल्या पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख असते. भेंडीची उगवण किमान ६५ टक्के, टोमॅटोची ७० टक्के असायला हवी. पुडीवर काहीच नसेल तर बी उगवलं नाही म्हणून दाद मागायची कशाच्या आधारावर?

आता त्या बाटलीविषयी. चवळीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला म्हणून अर्क फवारला. दुपारपर्यंत मावा तर मेलाच, पण कुंड्यांखालच्या मुंग्या आणि दोन मधमाश्याही मरून पडल्या. वास उग्र, डोकं धरणारा. कडुनिंबाचा अर्क असं काम करत नाही. त्यानं किडी हळूहळू खाणं सोडतात, त्यांची वाढ थांबते, परिणाम दिसायला काही दिवस जातात. साहेब स्पष्ट म्हणाले, “वहिनी, ह्या चवळीची एक शेंगही खाऊ नका. यात रासायनिक कीटकनाशक असणार.” कायदेशीर कीटकनाशकाच्या डब्यावर नोंदणी क्रमांक असतो. विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, विषबाधा झाली तर काय करायचं, हेही छापलेलं असतं. ह्या बाटलीवर पानाचं एक चित्र होतं, बस्स. हा माणूस लोकांच्या पालेभाजीवर विष फवारायला लावतो आहे आणि त्याला सेंद्रिय म्हणतो आहे. मला हे माफ करता येत नाही.

माव्यासाठी एवढं काही लागतच नाही. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला तरी बराच मावा धुऊन जातो. नाहीतर ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा आणि फवारा.

त्याचा फोन नंतर बंद झाला. पण पैसे ज्या खात्यात गेले त्याची नोंद, बाटली, पोतं, पुड्या आणि फोटो सगळं मी जपून ठेवलं आहे. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. कॉलनीतल्या आणखी काही घरांनी तेच पॅकेज घेतलं होतं. त्यांच्याही सह्या आता अर्जावर आहेत. तुमच्याकडे अशी बाटली असेल तर ती मोरीत ओतू नका, दुसऱ्या कुणाला देऊ नका. झाकण घट्ट लावून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि कृषी कार्यालयात घेऊन जा.