काउंटी ऑफिसातलं मॅरेज लायसन्स आणि जुनं रेकॉर्ड, कॅलिफोर्नियातल्या तीन खेपांचा अनुभव

या वर्षी एकाच काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ऑफिसात तीनदा जाणं झालं, पहिल्यांदा धाकट्या भावाच्या मॅरेज लायसन्ससाठी, म्हणजे लग्नाआधी घ्यावा लागतो त्या परवान्यासाठी, दुसऱ्यांदा त्याच लायसन्सची डुप्लिकेट काढायला आणि तिसऱ्यांदा माझ्या स्वतःच्या लग्नाचं रेकॉर्ड शोधायला. ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रारीपण आहेत, आणि मुख्य नियम राज्याचे असल्यामुळे कॅलिफोर्नियातल्या ५८ पैकी कुठल्याही काउंटीत गेलात तरी बरंचसं असंच असणार. पाचपैकी चार स्टार. खिडकीवरच्या माणसांना खरं तर पाच द्यायला पाहिजेत, एक कापलाय तो त्यांच्या पत्रव्यवहाराबद्दल.

भाऊ इथला सिटिझन, होणारी भावजय सातारची, के-वन व्हिसावर (सिटिझनच्या होणाऱ्या जोडीदाराला मिळतो तो) आलेली. त्या व्हिसावर आल्यापासून ९० दिवसांत लग्न करावंच लागतं. आणि इकडे लायसन्सपण काढल्या दिवसापासून ९० दिवसच चालतं, म्हणजे ती यायच्या आधी काढून ठेवू असं काही नाही, दोघांना स्वतः खिडकीवर उभं राहावं लागतं. एक चांगलं की इथे वेटिंग पिरियड नाही, टेक्ससमध्ये लायसन्स मिळाल्यावर ७२ तास थांबावं लागतं, न्यूयॉर्कला २४ तास, इथे सकाळी काढून दुपारी लग्न केलं तरी चालतं. रक्ततपासणी नाही, इथलेच रहिवासी असायची अट नाही, आयडी म्हणून भावजयीचा भारतीय पासपोर्ट चालला. ऑनलाइन फॉर्म भरून अपॉइंटमेंट घेतली, फी काउंटीप्रमाणे बदलते पण शंभर डॉलरच्या आतबाहेर धरून चला.

फॉर्ममध्ये पब्लिक आणि कॉन्फिडेन्शियल असे दोन प्रकार असतात. पब्लिकला किमान एक साक्षीदार सही करतो आणि त्याचं रेकॉर्ड कुणालाही शोधता येतं. कॉन्फिडेन्शियलला साक्षीदार नको, पण दोघं आधीपासून एकत्र राहत असायला लागतात, आणि त्याची कॉपी फक्त त्या दोघांना मिळते, बाकी कुणाला हवी तर कोर्टाची ऑर्डर. आम्ही पब्लिक घेतलं, साक्षीदार मी.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते, नावाचे रकाने. लग्नानंतर नाव काय ठेवणार ते इथे लायसन्सच्या अर्जावरच लिहायचं असतं, २००९ पासून हा नियम आहे आणि नवरा-बायको दोघांनाही तो हक्क आहे. भावजयीच्या डोक्यात आपलं नेहमीचंच होतं, स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. खिडकीवरच्या बाईंनी मान हलवली. मिडल नेम म्हणून तुम्ही जोडीदाराचं किंवा स्वतःचं आडनाव घेऊ शकता, आत्ताचं किंवा जन्माचं, नाहीतर आत्ताच्या मिडल नेमला आडनाव जोडून घेऊ शकता, पण नवऱ्याचं पहिलं नाव त्या यादीत बसतच नाही. आणि स्वतःचं पहिलं नाव तर या कागदावर बदलताच येत नाही, त्याला कोर्टात जावं लागतं. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहितात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं घर त्याच नावाने हाक मारतं, तेव्हा हे ऐकून ती एकदम गप्पच झाली. आणि आत्ता एकदा लिहिलं की नंतर मन बदललं म्हणून दुरुस्तीत ते बदलून मिळत नाही, त्यालाही कोर्टच.

इथे त्या बाईंचं मला खरंच कौतुक वाटलं. मागे लोक उभे होते तरी त्या म्हणाल्या, बाजूला बसा, बोला, तुमचा नंबर जाणार नाही. वीसेक मिनिटं आम्ही बाकावर बसलो. भाऊ म्हणाला तुला काय पाहिजे ते ठेव, माझं काही म्हणणं नाही. शेवटी तिने स्वतःचं नाव ठेवलं, वडलांचं नाव मिडल नेम म्हणून तसंच ठेवलं आणि आडनाव फक्त आमचं घेतलं. मला म्हणाली, "ताई, बाबांचं नाव राहिलं ते बरंच झालं." जे कुणी लायसन्स काढायला जाणार आहेत त्यांनी हे बोलणं घरी करून जा, प्लीज, खिडकीवर उभं राहून ठरवायची गोष्ट नाही ही.

दुसरा रकाना आईवडलांचा. दोघांच्याही आईवडलांचं जन्माचं पूर्ण नाव आणि जन्म कुठे झाला ते लागतं. भावाने आईचं नाव आपलं नेहमीचं टाकलेलं, मी म्हटलं थांब, जन्माचं विचारलंय. आईचं लग्नात नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही बदललेलं. तिला फोन केला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा. आधी म्हणाली कशाला ते नाव आता, इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. मग एकेक अक्षर सावकाश सांगितलं, स्पेलिंग कसं करायचं ते तिलाही माहीत नव्हतं कारण ते नाव इंग्रजीत तिने कधी लिहिलंच नव्हतं. सर्टिफिकेट आल्यावर त्या ओळीचा फोटो तिने मागून घेतला आणि मावशीला पाठवला.

लग्न छान झालं, आणि घोळ नंतर झाला. इथे लग्न लावणाऱ्याने, म्हणजे आपल्याकडे गुरुजींनी, लायसन्सवर तारीख, ठिकाण, सही वगैरे भरून ते १० दिवसांत काउंटीला परत पाठवायचं असतं, आणि ते नोंदवलं गेल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही. गुरुजींनी सवयीने आधी दिवस मग महिना लिहिला. इथे उलटं. त्यामुळे कागदावर लग्नाची तारीख लायसन्स काढायच्याही आधीची दिसायला लागली. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर अजिबातच नाही, म्हणून काउंटीने ते परत पाठवलं. ते ठीकच आहे, पण पत्र पाठवलं साध्या पोस्टाने, तेपण फक्त गुरुजींच्या पत्त्यावर, आणि गुरुजी तेव्हा गावाला. अर्जावर भावाचा फोन नंबर, ईमेल सगळं होतं, एक फोन नाही. तीन आठवडे आम्ही सर्टिफिकेटची वाट बघतोय आणि तिकडे पत्र बंद घरात पडलेलं. फोन करावा तर रेकॉर्डेड आवाजच ऐकत बसायचं. के-वनवर आलेल्या मुलीसाठी हे आठवडे फार जड असतात, कारण लग्नाचा पुरावा लावल्याशिवाय ग्रीन कार्डचा अर्ज टाकता येत नाही आणि तिचा व्हिसाचा काळ तर संपत आलेला. तो एक स्टार इथे गेला. डुप्लिकेट लायसन्स काढलं, त्याची फी वेगळी, गुरुजींच्या आणि माझ्या सह्या परत, यावेळी तारखेतला महिना अक्षरात लिहून घेतला आणि भावाने स्वतः नेऊन दिलं.

आता माझं. वडील गेल्यावर गावच्या सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती, जुन्या कागदांवर माझं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, म्हणून दोन्ही एकच बाई हे दाखवायला मॅरेज सर्टिफिकेट हवं होतं, तेपण अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला) लावून. माझी कॉपी घर बदलताना हरवलेली. लग्न झालं ती काउंटी दुसरी, म्हणून आधी तिकडे अर्ज केला, महिन्याने उत्तर आलं की असं रेकॉर्ड नाही, आणि फी परत मिळत नाही. मग कळलं की रेकॉर्ड लग्न जिथे लागलं तिथे नसतं, लायसन्स जिथून काढलं तिथे असतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर महिना वाचला असता म्हणून इथे लिहितेय. आणि गुगलवर सगळ्यात वर सरकारी वाटतील अशा साइट्स येतात त्या मधल्यामध्ये जास्तीचे पैसे घेतात, काउंटीचीच साइट शोधा.

आमच्या काउंटीत शोध दोघांपैकी कुणाच्याही नावाने घेता येतो. माझ्या नावाने काही निघेना. रेकॉर्डवाल्या काकांनी (वय साठीच्या पुढचं असेल, फार शांत माणूस) नवऱ्याचं आडनाव आणि आधी-नंतरचं एकेक वर्ष घालून बघितलं आणि मिळालं. माझ्या माहेरच्या आडनावात व्हीच्या जागी डब्ल्यू पडलेला! तेव्हा खिडकीवर ड्राफ्ट वाचायला दिला होता, आम्ही घाईत सही केली होती.

वाट बघताना त्या काकांशी बोलणं निघालं. जुन्या काळी या राज्यात गोऱ्या माणसाला काही दुसऱ्या वंशांच्या माणसांशी लग्न करायला कायद्यानेच बंदी होती, आणि १९१० नंतर इंपीरियल व्हॅलीत शेती करणाऱ्या पंजाबी लोकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली तेव्हा क्लार्क दोघांचाही वर्ण एकच, 'ब्राउन', असा लिहून लायसन्स द्यायचे. सगळीकडे देतच असं नाही. अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांना लॉस एंजेलिस काउंटीच्या क्लार्कने लायसन्स नाकारलं, ते कोर्टात गेले आणि १९४८ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. पूर्ण देशात तसं व्हायला १९६७ उजाडलं. आम्ही ज्या खिडकीवर नुसता पासपोर्ट दाखवून वीस मिनिटं नाव ठरवत बसलो, तशाच एका खिडकीवरून एका जोडप्याला परत जावं लागलं होतं हे माझ्या मनातून जात नाहीये.

कॉपी घेताना ऑथराइज्डच मागा. इन्फॉर्मेशनल कॉपी कुणालाही मिळते पण ती ओळख सिद्ध करायला चालत नाही असं तिच्यावरच छापलेलं असतं. ऑथराइज्डसाठी शपथपत्रावर सही लागते, स्वतः गेलात तर त्यांच्यासमोर करायची, पोस्टाने मागवलीत तर नोटरी करून पाठवायची. अपॉस्टिल काउंटी देत नाही, ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, एका कागदाला २० डॉलर, आणि भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्यामुळे पुढे कॉन्सुलेटचा वेगळा शिक्का लागत नाही.

पण डब्ल्यूवालं सर्टिफिकेट तलाठ्यापुढे ठेवून उपयोग नव्हता. म्हणून आधी दुरुस्तीचा फॉर्म भरला, स्पेलिंगची चूक अशी सुधारून मिळते. मूळ पान बदलत नाहीत, दुरुस्तीचं पान त्याला जोडलं जातं आणि पुढे दोन्ही पानं मिळून सर्टिफिकेट. काकांनी फॉर्म ओळीओळीने तपासून दिला, एका ठिकाणी मी परत घाईत चुकीचं लिहिलेलं तेपण दाखवलं. तो आता सॅक्रामेंटोला, राज्याच्या ऑफिसात गेलाय, अजून उत्तर नाही. आलं की किती दिवस लागले ते इथेच लिहीन.