दाखला खरा, डुक्कर दुसरंच

५८० डॉलर. जुन्या कागदांच्या नादात मी एवढ्याला फसलो, तो आकडा आधीच सांगून मोकळा होतो. घरात तो फक्त बायकोला माहीत आहे. आईला मी अजून "असेल पन्नासेक" एवढंच सांगितलंय.

मी इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टनला राहतो, मूळचा आटपाडीकडचा. विम्याच्या सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणजे इथल्या निम्म्या मराठी माणसांचं जे काम तेच. गावाबाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या घरचं सामान विकायला काढलं होतं, त्यात बियाण्यांचा एक जुना कॅटलॉग तीन डॉलरला मिळाला आणि तिथून नाद लागला. जुन्या शेतीचे कागद गोळा करतो. लिलावाची पत्रकं, नांगराच्या जाहिराती, आणि सगळ्यात जास्त डुकरांचे. हसा खुशाल. पण या मुलखात डुकराला कर्ज फेडणारं जनावर म्हणायचे. मका पोत्यानं विकण्यापेक्षा तो डुकराच्या पोटात घालून विकला की पैसे जास्त सुटत. इथली निम्मी जुनी घरं त्याच पैशांवर उभी राहिली असतील.

गेल्या ऑक्टोबरात एका जत्रेच्या मैदानावर, पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार होता. विक्रेता सत्तरीचा, डोक्याला बियाण्याच्या कंपनीची टोपी, बोलायला साखर. मी डुकरांचे कागद शोधतोय म्हटल्यावर त्यानं टेबलाखालून खोकं काढलं आणि आधी एक कॅटलॉग माझ्या हातात दिला. १८८४ साल, सोळा पानं, दोऱ्यानं शिवलेला. एका पैदासकाराकडची विक्रीची बर्कशायर जातीची डुकरं, प्रत्येकाची वंशावळ छापलेली, आणि समासात कुणा शेतकऱ्यानं पेन्सिलीनं केलेल्या खुणा. एका मादीसमोर नुसतं "महाग" असं लिहिलेलं. तो एक शब्द बघून मी विरघळलो. विक्रेत्यानं मला दहा मिनिटं निवांत वाचू दिलं, जराही घाई केली नाही. आता कळतं, त्याचा सगळा धंदा त्या दहा मिनिटांतच झाला होता.

मग त्यानं दुसरा कागद काढला. अमेरिकन बर्कशायर असोसिएशनचा नोंदणी दाखला, एका नराचा, तारीख मे १८७१. नाव, नंबर, आईबाप, आजे. आणि ते नाव मी आत्ताच कॅटलॉगात वाचलं होतं! १८८४ च्या विक्रीतल्या दोन माद्यांचा तो पणजोबा. शेवटी फ्रेम निघाली. त्याच नराचं रंगीत शिळाछाप चित्र. काळाकुळकुळीत देह, पांढरे चारही पाय, शेपटीचं टोक पांढरं, नाकावर पांढरा पट्टा. चार काड्यांवर ठेवलेल्या पेटीसारखं ते जनावर. "एकाच शेतावरून आलंय सगळं, वेगळं करू नका," तो म्हणाला. सातशे सांगितले, ५८० ला ठरलं. रोख. पावती मी मागितली नाही, त्यानं दिली नाही.

चित्र बैठकीत लावलं. आईनं व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, "अरे, घरात डुक्कर?" मी म्हटलं, वराह अवतार आहे.

पंधरा दिवस गेले. शेजारी एक निवृत्त छपाईवाले राहतात. ते चहाला आले, चित्राशी उभे राहिले, आणि काही न बोलता घरून दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन आले. डुकराच्या पाठीवर भिंग टेकवलं आणि मला बघायला लावलं. काळ्या रंगात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, अगदी ओळीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल गोल मांडलेले. साध्या मासिकातल्या फोटोत असतात तसे. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात ठिपके असतात, पण ते कारागिरानं हातानं दिलेले, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ. शेजारच्या आजोबांनी एवढंच विचारलं, "किती दिले?" मी त्यांनाही पन्नास सांगितलं.

त्या रात्री दाखला काढला. मांजरानं गालिचावर कुठं केलंय ते शोधायला घेतलेला जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च घरात होता. दिवे घालवून तो कागदावर मारला आणि कागद निळसर पांढरा लख्ख उजळला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरची. शेजारीच ठेवलेला कॅटलॉग त्याच उजेडात मळकट, मेलेला दिसत होता. तो खरा होता. दाखल्याच्या कडांवरचे तपकिरी डाग मी नाकाशी नेले. कॉफी.

पण खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. भिंगही नको होतं, टॉर्चही नको होता. अमेरिकन बर्कशायर असोसिएशन स्थापन झाली १८७५ साली, इथून तासाभरावरच्या स्प्रिंगफील्डला. डुकरांची वंशनोंदणी करणारी ही जगातली पहिली संस्था, आणि तिच्या वहीतली पहिली नोंद इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या कळपातल्या 'एस ऑफ स्पेड्स' नावाच्या नराची, असं संस्था स्वतःच सांगते. हे मला माहीत होतं! मी मराठी मंडळात यावर भाषण ठोकलंय. आणि तरी १८७१ चा दाखला हातात घेऊन मी मान डोलावत बसलो, कारण नाव कॅटलॉगातल्या नावाशी जुळत होतं. जुळणारच. बनवणाऱ्यानं ते तिथूनच उचललं होतं. खोटं कधी एकटं येत नाही, खऱ्याच्या कडेवर बसून येतं.

आणि कान. बर्कशायरचे कान उभे असतात, तोंड आखूड आणि मध्ये खोलगट. माझ्या चित्रातल्या महाराजांचे कान पुढे लोंबत होते आणि तोंड सरळ. म्हणजे ते पोलंड-चायना जातीचं चित्र, खाली नाव बर्कशायरचं. दोन्ही जाती काळ्या, दोन्हींना पाय, शेपूट आणि नाक अशा सहा जागी पांढरं. फरक कानात.

आता गंमत अशी, की हाच कान इथल्या शेतकऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वी बघता आला नाही म्हणून ते बुडत होते. माझ्या संग्रहातले निम्मे कागद त्याच भानगडींच्या अवतीभवतीचे आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीला प्रेअरीवरची, म्हणजे इथल्या गवताळ मैदानावरची डुकरं म्हणजे लांब नाकाची, लांब पायांची, रानात उकरून खाणारी. त्यांना लोक 'प्रेअरी रूटर' म्हणत. बाजाराला चालवत न्यायची म्हणून पाय लांब असले तर बरंच. आमच्या गावाजवळ फंक्स ग्रोव्ह आहे, तिथले आयझॅक फंक जनावरांचे कळपच्या कळप शिकागोपर्यंत पायी हाकत न्यायचे. मग १८५० च्या दशकात आगगाडी आली, १८६५ च्या नाताळात शिकागोचा युनियन स्टॉक यार्ड्स हा जनावरांचा बाजार उघडला, आणि चालणाऱ्या डुकराची गरजच संपली. आता हवं होतं मका खाऊन लवकर लठ्ठ होणारं, चरबीनं भरलेलं. ते देणारी जातिवंत डुकरं मोजक्या लोकांकडे. बाकीच्यांनी टपालानं पैसे पाठवायचे आणि स्टेशनवर पेटीची वाट बघायची.

फसवणारा काय करायचा? पेटीत निव्वळ गावठी डुक्कर घालणारा चोर मूर्ख. हुशार माणूस जातिवंत नर आणि साधी मादी यांचं पिल्लू पाठवायचा. पहिल्या पिढीतलं संकरित पिल्लू बहुतेकदा दिसायला जातिवंतापेक्षाही तरतरीत असतं, वाढतंही झपाट्यानं. स्टेशनवर पेटी उघडणारा शेतकरी खूश. सोबत दाखला, तोही अस्सल, फक्त दुसऱ्या डुकराचा. कदाचित मेलेल्या. नोंदवहीत तो नंबर असायचा, आईबाप असायचे, सगळं बरोबर. कागदावरचं नाव आणि पेटीतलं जनावर यांना बांधणारं एकच काही असायचं, ते म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. कानाला खाच पाडून पिल्लं ओळखायची पद्धत होती, पण खाच ज्याच्या हातची, वहीही त्याच्याच हातची.

खोट कळायची ती पुढच्या पिढीत. आधी पिल्लू वाढून माजावर यायचं, मग तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस (डुकरिणीच्या गाभणपणाचा हा हिशेब इथले शेतकरी अजून तोंडपाठ सांगतात), मग पिल्लं मोठी व्हायची. तेव्हा दिसायचं की एकाच वेतात एक उभ्या कानाचं, एक लोंबत्या, एकाचं नाक पणजीसारखं लांब. तोवर वर्ष गेलेलं. तक्रार केली तर उत्तर तयार: तुमच्याच कुंपणात शेजाऱ्याचा नर शिरला असेल.

दुसरा प्रकार मला जास्त नीच वाटतो. नर-मादीची जोडी घेताना शेतकरी आवर्जून लिहायचा, एकमेकांच्या नात्यातली नकोत. त्याला एकाच वेताची भावंडं यायची, दोन वेगळ्या दाखल्यांसकट. मग पिल्लं कमी, रोगट, आणि बिचारा आपल्याच चाऱ्याला दोष देत बसायचा.

बरं, जातीच्या नावांचंच बघा. १८७२ साली इंडियानापोलिसला डुकरं पाळणाऱ्यांची राष्ट्रीय सभा भरली आणि पोलंड-चायना हे नाव कायम केलं. चीनकडून आलेलं रक्त त्या जातीत खरंच होतं, ओहायोच्या शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८१६ मध्ये आणलेलं. पोलंडचं काही असल्याचा पुरावा मात्र सभेला सापडला नाही. तरी नाव राहिलं, लोकांच्या तोंडी बसलं होतं म्हणून. त्याच्या आधी, १८४० च्या आसपास, बर्कशायरचा ज्वर चढला होता. जो तो पैदासकार, जो तो विकणारा, खाणारा कुणीच नाही. दोन-तीन वर्षांत भाव कोसळले.

आणि १८८० च्या दशकात याच मिडवेस्टमध्ये बोहेमियन ओट्सची भानगड. बियाणं दहा डॉलर बुशेल (इथलं धान्याचं माप), साध्या ओट्सच्या कितीतरी पट. पण सोबत हमीपत्र: पुढच्या वर्षी तुमचं दुप्पट बियाणं आम्ही त्याच भावानं विकून देऊ. शेतकरी रोख न देता वचनचिठ्ठी लिहून द्यायचा, विकणारा ती बँकेला विकून पसार, आणि वर्षअखेर बँक दारात. हे वाचताना मला २०१९ चा वाळवा तालुका आठवला. कडकनाथ कोंबड्या. पिल्लं आम्ही देऊ, अंडी-पक्षी आम्हीच चढ्या भावानं उचलू. माझ्या मावसभावाचं शेड अजून रिकामं आहे, त्यात आता कडबा ठेवतात. तेव्हा मी त्याला फोनवर शहाणपण शिकवलं होतं. त्याला ५८० डॉलरची गोष्ट अजून सांगितलेली नाही, आता इथं वाचेल.

तर तुमच्यापैकी कुणी इथं जुने कागद, चित्रं घेत असेल तर: अख्खा संच एकत्र दाखवून "वेगळं करू नका" म्हणतात तेव्हा नेमकं वेगळं करा. प्रत्येक वस्तूचा भाव स्वतंत्र विचारा, म्हणजे कुठली वस्तू कुणाला ओढतेय ते दिसतं. माझा कॅटलॉग एकटा चाळीस डॉलरचा. भिंग खिशात ठेवा, टॉर्चसुद्धा. दाखल्यावर संस्थेचं नाव असेल तर पैसे काढण्याआधी फोनवर तिचं स्थापनेचं साल बघा, अर्धा मिनिट लागतो. पावतीवर "१८७१ चा मूळ दाखला" असं लिहून मागा. तो लिहायला कचरला की समजा. आणि कार्डानं द्या, रोख नको. आमच्या आजोबांनी खरसुंडीच्या बाजारात दात न बघता खिलार बैल कधी घेतला नाही, आणि मी त्यांचा नातू.

डिसेंबरच्या बाजारात तोच माणूस तिथंच होता. मी चित्र आणि दाखला टेबलावर ठेवला, ठिपके, टॉर्च, १८७५, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. चिडला नाही. म्हणाला, मला जसं मिळालं तसं मी विकलं, जुना आहे असं त्या घरच्यांनी सांगितलं होतं, मी कुठं म्हटलं मूळ आहे? आठवून बघितलं. खरंच, "मूळ" हा शब्द त्यानं एकदाही उच्चारला नव्हता. मीच म्हणत होतो आणि तो हसत होता. मागे पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती ऑक्टोबरातही असणार.

मी जायला वळलो तर म्हणाला, थांबा, तुम्हाला नाराज करून पाठवणार नाही. चित्र आणि दाखला ठेवून जा, त्याबदल्यात हे घ्या. आणि टेबलाखालून त्यानं ओतीव लोखंडाचा डुकराच्या आकाराचा गल्ला काढला. वजनदार, गंजलेला, पाठीवर नाणं टाकायची फट. १८९० च्या सुमाराचा, म्हणाला, एका शेतावरच्या मुलाचा.

मी तो उलटा केला. दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारा स्क्रू पोटाशी होता. त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच. तसले फिलिप्स स्क्रू बाजारात आले १९३० च्या दशकात.

"कान बघा किती छान आहेत," तो म्हणाला.